अंगणातले गवत आणि बॅटरीचे यंत्र

मृगाचा पाऊस पडून गेला, की आठ-पंधरा दिवसांत अंगणाचा रंग पालटतो. काल जिथे नुसती माती होती, तिथे आज हिरवे कोंब दिसतात. आषाढ सरता सरता ते घोट्यापर्यंत येतात आणि श्रावणात गुडघ्याला टेकतात. गावातल्या शाळेच्या मास्तरांना तर हे फार चांगले ठाऊक आहे. पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनाला चार दिवस उरले, म्हणजे साऱ्यांना मैदानातल्या गवताची आठवण होते आणि मग विळे, खुरपी, कुदळी यांची शोधाशोध सुरू होते.

या गवतासाठी अलीकडे बाजारात एक नवे साधन आले आहे. वायर नाही, पेट्रोल नाही. बॅटरी बसवायची, मूठ दाबायची आणि पुढे ढकलत चालायचे. कोणी त्याला लॉन-मोवर म्हणतात, कोणी नुसते गवताचे मशीन म्हणतात. पुण्यात आमच्या नारायण पेठेतही ते दिसू लागले आहे. जुने वाडे जाऊन त्यांच्या जागी इमारती आल्या. वाड्यामागे परसू असे, तिथे आता सोसायटीची टीचभर हिरवळ असते. गावाकडेही नव्या बंगल्यांपुढे, शाळांच्या आवारात, ग्रामपंचायतीच्या बागेत हे यंत्र पोहोचू लागले आहे. तेव्हा ते घ्यावे का, घेतले तर कसे वापरावे आणि त्याच्याकडून काय अपेक्षा धरू नये, एवढ्याचा विचार आज करू.

प्रथम गवताची ओळख करून घेऊ. आंब्याचे रोप शेंड्याला खुडले, तर त्याची वाढ तिथे थांबते. गवताचे तसे नाही. त्याची वाढ पानाच्या टोकाला होत नाही, बुडाशी होते. टोक कापले तरी खालून पान पुढे सरकत राहते. गाईगुरे हजारो वर्षे चरत आली आणि तरीही कुरणे टिकली, ती याच गुणामुळे. आपल्या अंगणातली हरळी तर या बाबतीत फारच चिवट. हरळी म्हणजेच दूर्वा. जिची एकवीसांची जुडी आपण गणपतीला वाहतो, तीच हरळी शेतात शिरली म्हणजे शेतकऱ्याला रडवते, आणि तीच हरळी क्रिकेटच्या मैदानावर नीट राखली म्हणजे तिला लोक ‘लॉन’ म्हणतात. ती जमिनीवरून आणि जमिनीखालून धावते, पेऱ्यापेऱ्याला मूळ धरते. वरून वारंवार कापली, की उंच होण्याऐवजी आडवी पसरते आणि दाट होते. म्हणून अंगणात हिरवळ हवी असेल, तर परदेशी बियाणे आणलेच पाहिजे असे नाही. असलेली हरळी नेमाने कापत राहिले, तरी पुष्कळ काम होते.

मात्र कापण्यालाही मर्यादा आहे. पान हे गवताचे स्वयंपाकघर. सूर्यप्रकाशातून अन्न तयार करायचे ते तिथेच. एकदम सारे पान उतरवले, तर मुळांची उपासमार होते आणि हिरवळ पिवळी पडते. म्हणून जाणकार माळी एक साधा नियम सांगतात: एका वेळी उंचीच्या एक-तृतीयांशापेक्षा अधिक कापू नये. गवत तीन इंच झाले असेल, तर ते दोन इंचांवर आणावे. सहा इंच झाले असेल, तर आज चार इंचांवर आणावे आणि चार-सहा दिवसांनी आणखी खाली. हा नियम गवताच्या प्रकृतीसाठी सांगितलेला आहे खरा. पण गंमत अशी, की बॅटरीच्या प्रकृतीलाही तोच मानवतो. कसे ते पुढे येईलच.

आता यंत्राकडे वळू. गवत कापायचे पहिले यंत्र इंग्लंडात एडविन बडिंग नावाच्या कारागिराने काढले. त्याचे पेटंट १८३० सालचे आहे. लोकरी कापडावरची लव छाटणारे एक यंत्र गिरण्यांत असे. ते पाहून त्याला वाटले, की जे कापडावर चालते ते गवतावर का चालू नये? त्याच्या यंत्रात फिरत्या नळकांड्यावर पाती होती आणि खाली एक स्थिर पाते होते. दोहोंच्या मध्ये सापडलेले गवत कात्रीत सापडावे तसे कापले जाई. हाताने ढकलायचे असे यंत्र आजही मिळते, आणि त्याला ना वीज लागते ना तेल.

बॅटरीवरची बहुतेक यंत्रे मात्र या जातीची नसतात. त्यांत एकच आडवे पाते घरातल्या पंख्यासारखे गरगर फिरते. खाली दुसरे पाते नसते. म्हणजे इथे कात्रीचे तत्त्व नाही, विळ्याच्या झटक्याचे आहे. केवळ वेगाच्या जोरावर गवत तुटते. हा वेग केवढा असतो ते पाहा. पाते टोकापासून टोकापर्यंत ३३ सेंटिमीटर आहे आणि मिनिटाला ३,५०० फेरे घेते, असे धरू. एका फेऱ्यात टोक सुमारे १.०४ मीटर अंतर तोडते. हिशेब केला तर वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढे जातो. एवढ्या वेगाच्या पात्याखाली सुपारीएवढा खडा आला, तर तो बंदुकीच्या गोळीसारखा सुटेल, हे सांगायला नकोच. यंत्राचा आवाज कमी आहे म्हणून त्याला खेळणे समजू नये. उलट, कमी आवाजाच्या यंत्राजवळ लहान मूल निःशंकपणे येते, म्हणून अधिक जपावे.

आता बॅटरीचे गणित. शिक्षकांनी हे फळ्यावर जरूर मांडावे. आठवी-नववीच्या मुलांना विजेचा धडा यातून चांगला समजेल. या यंत्रांत बहुधा लिथियम-आयन जातीची बॅटरी असते. आपल्या मोबाइल फोनमध्ये असते तिचीच ही बहीण. ही बॅटरी १९९१ साली बाजारात आली आणि तिच्या घडणीसाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तिचा एक घट साधारण ३.६ व्होल्टचा. असे दहा घट माळेसारखे एकापुढे एक जोडले, की ३६ व्होल्ट होतात. पूर्ण भरलेला घट ४.२ व्होल्टपर्यंत जातो, म्हणून काही जण त्याच बॅटरीवर ‘४० व्होल्ट’ असे छापतात. दोन्ही एकच.

परंतु नुसत्या व्होल्टवरून काम किती होईल हे कळत नाही. विहिरीच्या पाण्याचा जोर निराळा आणि विहिरीत पाणी किती हे निराळे. त्यासाठी अँपिअर-तास पाहावे लागतात. ३६ व्होल्ट आणि ४ अँपिअर-तास यांचा गुणाकार १४४; म्हणजे या बॅटरीत १४४ वॅट-तास शिल्लक आहे. आपल्या मीटरवरचे एक युनिट म्हणजे १,००० वॅट-तास. तेव्हा ही सारी शिल्लक एका युनिटाच्या सातव्या हिश्शाएवढीच. भरताना थोडी वीज वाया जाते ती धरली, आणि युनिटाला दहा रुपये धरले, तरी एका भरणीचा खर्च दोन रुपयांच्या आत राहतो. हे ऐकायला फार गोड वाटते. पण स्वस्त आहे याचा दुसरा अर्थ असा, की आत माल थोडाच आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये जेवढी ऊर्जा असते, तेवढी भरायला अशा साठ बॅटऱ्या लागतील. इंजिन त्यातली पुष्कळशी उष्णतेत घालवते हे खरे, तरीही फरक मोठाच राहतो.

आता हे १४४ वॅट-तास किती वेळ पुरतील? मोटर ३६० वॅट ओढते असे धरले, तर १४४ भागिले ३६० म्हणजे ०.४ तास, अर्थात २४ मिनिटे. गवत ओले आणि दाट असेल आणि मोटरला दुप्पट जोर लावावा लागला, तर हीच बॅटरी १२ मिनिटांत संपेल. इथे यंत्र बिघडलेले नसते किंवा दुकानदाराने फसवलेलेही नसते. भागाकारच तसा आहे.

आमच्या पेठेतल्या एका सोसायटीत असाच प्रकार झाला. दीडेक गुंठ्याची हिरवळ. उन्हाळ्यात यंत्र घेतले, दोन महिने उत्तम चालले. पुढे पावसाची झड लागली, तीन आठवडे कोणी अंगणात उतरले नाही. श्रावणात एका सकाळी फूटभर ओल्या गवतात यंत्र घातले, ते दहाव्या मिनिटाला थांबले. ‘बॅटरी गेली’ असा सर्वांनी निकाल दिला. तेवढ्यात म्हातारे माळीबुवा आले. त्यांनी काही न बोलता विळा काढला, तासाभरात गवत वीतभर खाली उतरवले, भारा बांधून बाजूला ठेवला आणि म्हणाले, “आता दोन दिवस उन्हाला राहू द्या, मग तुमचं मशीन घाला.” तिसऱ्या दिवशी त्याच बॅटरीवर साऱ्या अंगणाची फेरी पुरी झाली.

माळीबुवांनी जे केले, त्यातच आजच्या विषयाचे सार आहे. बॅटरीचे यंत्र हे आखूड गवत आखूड ठेवण्यासाठी आहे. माजलेले रान मोडण्याचे ते हत्यार नव्हे. रान मोडायला विळा आहे, मोठ्या जागेला पेट्रोलवरचा ब्रशकटर आहे. एकदा रान मोडले, की मग थोडे थोडे आणि वारंवार कापत राहणे, हे या यंत्राचे काम. एक-तृतीयांशाचा नियम बॅटरीला मानवतो म्हणालो, तो यासाठी.

मग जागा किती निघेल? यंत्राची पट्टी ३३ सेंटिमीटर आणि चाल ताशी तीन किलोमीटर धरली, तर २४ मिनिटांत कागदावर चार गुंठ्यांच्या आसपास येते. पण पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवाव्या लागतात, वळावे लागते, झाडाभोवती थांबावे लागते. म्हणून निम्मे धरावे. एका भरणीत दोन गुंठे निघाले तर समाधान मानावे. बंगल्यापुढच्या अंगणाला हे भरपूर झाले. नारायण पेठेतल्या दोन खाटांएवढ्या हिरवळीला तर तेही नको. तिथे हाताने ढकलायचे यंत्र किंवा बागेची कात्री पुरे.

शाळेचे मैदान मात्र निराळे. समजा ते दहा गुंठ्यांचे आहे. एका दमात ते काढायला पाच भरण्या लागतील. पण एका दमात काढायचे कशाला? मैदानाचे पाच भाग पाडावे आणि रोज एक भाग घ्यावा. दोन अँपिअरच्या चार्जरवर ही बॅटरी दोन-अडीच तासांत भरते, म्हणजे गावात वीज अर्धा दिवस नसली तरी अडत नाही. आठवड्याला सबंध मैदानाची एक फेरी होते, आणि पावसाळ्यात तेवढी पुरते. थंडीत पंधरवड्याला एक फेरी चालेल, उन्हाळ्यात बहुधा गरजच पडणार नाही. यंत्र मोठ्या माणसानेच चालवावे; विद्यार्थ्यांच्या हाती ते मुळीच देऊ नये. त्यांनी गणित करावे आणि खडे वेचावे.

पहिल्या कापणीचे गवत मात्र यंत्रात भरडू नका. गावात ज्याच्या दारी गाय-म्हैस आहे त्याला सांगा. तो विळा घेऊन येईल, लांब वैरण घेऊन जाईल, त्याच्या जनावराचे पोट भरेल आणि तुमचे मैदान मोकळे होईल. यंत्राने निघालेला बारीक चुरा जनावराला घालू नये. तो ढीग करताच तापतो, आंबतो, आणि त्यात माती-कचराही असतो. हा चुरा थोडा असेल तर तिथेच पसरू द्यावा. तो कुजून त्यातला नत्र पुन्हा जमिनीला मिळतो. जास्त असेल तर खताच्या खड्ड्यात पातळ थर देऊन टाकावा.

आणखी एक सावधगिरी. अंगणातले सगळे हिरवे म्हणजे गवत नव्हे. १९५०च्या दशकात पुण्यात प्रथम लक्षात आलेले आणि पुढे देशभर पसरलेले गाजरगवत नावानेच काय ते गवत आहे. त्याच्यावर यंत्र फिरवले तर ते बुडातून पुन्हा फुटते, आणि फुलावर असेल तर परागांमुळे शिंका, दमा आणि अंगाला खाज यांचा त्रास होतो. ते फुलण्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावे.

आता प्रत्यक्ष चालवण्याची रीत सांगतो. पाऊस उघडून एक-दोन दिवस झाले असावेत आणि सकाळचे दव ओसरलेले असावे. ओल्या गवतात पाय घसरतो, चुरा पात्याला चिकटतो आणि बॅटरी लवकर बसते. यंत्र बाहेर काढण्यापूर्वी हातात काठी घेऊन साऱ्या अंगणात एक फेरी मारावी. खडे, तारा, खिळे, गोट्या, नारळाच्या करवंट्या उचलाव्या. काठी आपटत चालण्याचे दुसरेही कारण आहे. पावसाळ्यात उंच गवतात बेडूक-उंदीर असतात आणि त्यांच्या मागे साप येतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप. गवत आखूड राहिले तर साप दुरून दिसतो, हा कापणीचा सर्वांत मोठा फायदा म्हणावा लागेल. दंश झालाच, तर जखम कापणे, चोखणे, करकचून बांधणे यांपैकी काहीही न करता, रोग्याची हालचाल कमीत कमी ठेवून, प्रतिविष मिळेल अशा दवाखान्यात त्याला तातडीने न्यावे.

पायात चपला नकोत, बूट हवे. डोळ्यांना चष्मा असावा. मुले आणि जनावरे पन्नास फूट दूर असावी. पात्याची उंची कमी-जास्त करण्याची खिट्टी असते, ती पहिल्या फेरीला सर्वांत वर ठेवावी. यंत्र पुढे ढकलत न्यावे, स्वतःच्या पायांकडे ओढू नये. उतार असेल तर वर-खाली न चालता आडवे चालावे. पहिल्या पट्टीवर दुसरी पट्टी चार बोटे चढवावी. आज पूर्व-पश्चिम कापले असेल, तर पुढच्या खेपेला दक्षिण-उत्तर कापावे, म्हणजे गवत एकाच अंगाला कलत नाही.

मध्येच चुरा अडकला, तर काय करायचे हे पाठच करून ठेवा. मूठ सोडायची, पाते पूर्ण थांबू द्यायचे, किल्ली काढायची, बॅटरी काढायची, आणि मगच यंत्र कलते करून काडीने चुरा काढायचा. बोटाने नव्हे. बॅटरी आत असताना पात्याला हात लावणे म्हणजे चालू चाफकटरमध्ये हात घालण्यासारखे आहे. चाफकटरने हात गमावलेली माणसे खेड्यात पाहायला मिळतात, म्हणून अधिक सांगत नाही.

काम झाल्यावर यंत्र ब्रशाने झाडावे आणि ओलसर फडक्याने पुसावे. नळीने धुऊ नये. पाणी मोटरमध्ये शिरते. पात्याची धार अधूनमधून पाहावी. कापल्यावर दोन दिवसांनी गवताची टोके पांढुरकी, फाटल्यासारखी दिसली, की पाते बोथट झाले असे समजावे. बोथट पाते गवताला इजा करते आणि बॅटरीही अधिक खाते. बॅटरी काढून, हातमोजे घालून पाते सोडवावे आणि कानशीने दोन्ही टोकांना सारखी धार द्यावी. नंतर मधल्या भोकात खिळा घालून ते भिंतीवर आडवे टांगावे. एक बाजू खाली कलली तर ती जड आहे. तिथे आणखी कानस फिरवावी. दोन्ही बाजू समतोल झाल्या, की यंत्र थरथरत नाही.

बॅटरीला उन्हाचा फार त्रास होतो. काम संपल्या संपल्या ती गरम असते, तेव्हा लगेच चार्जरवर लावू नये; अर्धा तास सावलीत निवू द्यावी. पत्र्याच्या शेडमध्ये, उन्हात उभ्या केलेल्या गाडीत किंवा चुलीजवळ ठेवू नये. चार महिने काम नसेल, तर ती पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी न ठेवता निम्मी भरून कोरड्या जागी ठेवावी. चार्जर तिचाच असावा, दुसऱ्याचा लावू नये. बॅटरी फुगली, तिच्या कवचाला चीर गेली, किंवा ती उगाच गरम होऊ लागली, तर वापर थांबवावा आणि ती घराबाहेर, जळेल अशा वस्तूंपासून दूर ठेवावी. संपलेली बॅटरी उकिरड्यावर किंवा शेकोटीत टाकू नये. भारत सरकारच्या २०२२ सालच्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे, वापरून झालेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तेव्हा विकत घेतानाच दुकानदाराला विचारून ठेवा, की जुनी बॅटरी कुठे द्यायची.

विकत घेताना आणखी चार प्रश्न विचारा. किमतीत बॅटरी आणि चार्जर धरले आहेत का? व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार किती येतो? नवे पाते आणि नवी बॅटरी तालुक्याच्या गावी मिळते का? आणि यंत्राचे वजन घरातल्या माणसाला झेपेल का? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक नसतील, तर घाई करू नये. नुसत्या हौसेने घेतलेली यंत्रे कोपऱ्यात गंजताना आपण पाहतोच.

तसे पाहिले तर या यंत्राचे फायदे खरे आहेत. वायरच्या यंत्रात वायर पात्याखाली येण्याची आणि ओल्या गवतात झटका बसण्याची भीती असते, ती यात नाही. पेट्रोलचा धूर नाही, दोरी ओढण्याचे श्रम नाहीत. आवाजही इतका बेताचा, की पुणेकराच्या दुपारच्या झोपेच्या वेळीसुद्धा शेजाऱ्याची तक्रार यायला थोडा उशीर लागतो. पण विळ्याची जागा ते घेणार नाही. बांधावर, कुंपणाच्या कडेला, विहिरीच्या काठाला विळाच लागणार.

यंदा पाऊस लागला, की पहिल्या उघडिपीलाच अंगणात उतरा. गवत तीन इंचांचे असतानाच पहिली फेरी मारा. मग श्रावणात गुडघाभर रान माजणार नाही, आणि पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी मास्तरांना साऱ्या गावात विळे शोधत हिंडावे लागणार नाही.